एचआयव्हीवरचं संशोधन कसं शोधावं, कसं मोजावं: बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक एमडीचा विद्यार्थी ग्रंथालयात माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सिनॉप्सिस द्यायला आठ दिवस उरले होते. म्हणाला, "मॅडम, एचआयव्हीवर काम करायचं ठरलंय, पण आपल्या जिल्ह्यावर कोणी लिहिलेलंच नाही की." त्याच्या फोनवर पबमेड, म्हणजे वैद्यकीय निबंधांची मोफत सूची, उघडं होतं. शोधाच्या चौकटीत ‘बेळगावी’ आणि ‘एचआयव्ही’ हे दोन शब्द, खाली मोजकेच निबंध. मी त्याला बसायला सांगितलं, ‘बेळगावी’ खोडलं आणि तिथे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं ‘बेळगाम’ टाकलं. यादी एकदम लांबली. तो काही न बोलता बराच वेळ अंगठ्याने पडदा वर सरकवत राहिला.

वैद्यकीय ग्रंथालयात असा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. आपल्या भागात एचआयव्हीवर भरपूर काम झालं आहे. ते सापडत नाही, आणि सापडलं तर त्याचं वजन कसं जोखायचं हे कोणी शिकवत नाही. नव्याने प्रबंधाला हात घालणारे डॉक्टर, नर्सिंगचे आणि एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, आणि एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात रोज माणसं पाहणारे, एकदा तरी काही लिहावं असं मनात असलेले समुपदेशक, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी प्रश्न, मग संगणक

वहीत एका वाक्यात प्रश्न लिहा. ‘एचआयव्हीमधलं संशोधन’ हा प्रश्न नव्हे, तो समुद्र आहे. ‘२००४ नंतर उत्तर कर्नाटकातल्या एचआयव्ही संशोधनात कोणते विषय वाढले, कोणते मागे पडले?’ हा प्रश्न झाला. २००४ हे साल उगाच घेतलेलं नाही. त्या वर्षी १ एप्रिलला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, म्हणजे आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहता येतं.

प्रश्न आपल्या मातीतून निघाला तर फार बरं. निपाणीचा माणूस कोणी ओळखू नये म्हणून कोल्हापूर किंवा मिरजेला औषध घेतो, चंदगडची बाई त्याच कारणाने बेळगावला येते. दोन राज्यं, दोन एड्स नियंत्रण संस्था, दोन नोंदवह्या. एका वहीत ‘उपचार सोडले’ अशी नोंद झालेला माणूस दुसऱ्या वहीत नियमित गोळ्या घेत असू शकतो. यावर कोणी काय लिहिलं आहे हे शोधणं, हाच एक उत्तम पहिला प्रकल्प आहे.

नावांचा गुंता सोडवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. इथे चूक झाली की पुढचं सगळं काम कच्चं राहतं.

बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदललं. त्याच दिवशी विजापूरचं विजयपूर झालं, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, हुबळीचं हुब्बळ्ळी, आणि बेल्लारी, म्हैसूर, शिमोगा यांचीही इंग्रजी रूपं बदलली. संगणकाला हे माहीत नसतं. म्हणून प्रत्येक गावाचं जुनं आणि नवं स्पेलिंग घ्या, मध्ये ‘ऑर’ घाला आणि सगळं एका कंसात टाका. आपण मराठी माणसं बोलताना बेळगावच म्हणतो आणि कधी कधी इंग्रजीतही तसंच लिहितो, तेव्हा तेही तिसरं स्पेलिंग म्हणून जोडा.

यात आणखी एक बारकावा आहे, तो मला बऱ्याच वर्षांनी कळला. १९८८ ते २०१३ या काळात पबमेडमध्ये फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदला जायचा. सर्व लेखकांचे पत्ते २०१४ पासून दिसू लागले. म्हणजे जुन्या निबंधात पहिला लेखक परदेशातला आणि तिसरी लेखिका बेळगावची असेल, तर पत्त्यावरून शोधताना ती लेखिका दिसतच नाही. आता हे दोन बदल शेजारी ठेवून पाहा. २०१४ मध्येच गावाचं नाव बदललं आणि २०१४ मध्येच पत्ते नोंदण्याची पद्धतही बदलली. कोणी पत्त्याच्या आधारावर आलेख काढून ‘२०१४ नंतर बेळगावचं संशोधन झपाट्याने वाढलं’ असं लिहिलं, तर त्या वाढीचा काही भाग केवळ नोंदीचा आहे. गाव पत्त्यातही शोधा आणि शीर्षकात व सारांशातही शोधा.

रोगाच्या नावाचंही तेच. या विषाणूला एचआयव्ही हे नाव १९८६ मध्ये मिळालं. त्याआधीच्या निबंधांत तो ‘एलएव्ही’ किंवा ‘एचटीएलव्ही-थ्री’ म्हणून भेटतो. माणसांसाठीचे शब्दही बदलले. जुन्या लेखांत ‘एड्सचे रोगी’, ‘बाधित’, ‘वेश्या’ असे शब्द येतात, आज ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’, ‘देहविक्रय करणारी स्त्री’ असं लिहितात. शोधताना जुने शब्द वापरावेच लागतात. स्वतः लिहिताना मात्र ते वापरू नका. तुमचा निबंध ज्यांच्यावर आहे त्यांच्या घरातलं एखादं पोर उद्या तो वाचणार आहे, हे मनात असू द्या.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवा: तारीख, कोणता डेटाबेस, नेमके शब्द, किती निबंध आले. सहा महिन्यांनी गाईड विचारतात तेव्हा ही एक ओळ वाचवते.

कल बघायचा तर वाटा मोजा

पबमेडच्या डाव्या बाजूला दरवर्षीच्या निबंधांचा छोटा स्तंभालेख दिसतो. तो बघून लगेच ‘एचआयव्ही संशोधन वाढतंय’ असं लिहू नका. सगळ्याच विषयांचे निबंध दरवर्षी वाढतात. आता पबमेडमध्ये वर्षाला दहा लाखांहून अधिक नोंदी पडतात. म्हणून त्या वर्षीचे एचआयव्हीचे निबंध भागिले त्या वर्षीचे एकूण निबंध, असा वाटा काढा. आकडे चढत असताना वाटा उतरत असू शकतो.

मग त्या आलेखावर तारखा टिपा, कारण त्यांच्याशिवाय रेघ मुकी असते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची छोटी नोंद आली, तिथून सुरुवात. १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये बारे-सिनुसी आणि मॉन्टेनिए यांच्या गटाने विषाणू वेगळा केल्याचं प्रसिद्ध केलं, २००८ चं नोबेल त्या दोघांना त्यासाठीच मिळालं. भारतातली पहिली प्रकरणं १९८६ मध्ये चेन्नईत उघड झाली, सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांच्या कामातून. प्रबंधासाठी नमुने गोळा करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या हातून हे घडलं, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगते.

१९९६ मध्ये तीन औषधांची एकत्र उपचारपद्धती आली आणि लेखनाचा रोख मरणाकडून जगण्याकडे वळला. औषधांचे दुष्परिणाम, औषधरोध, गोळ्या नियमित घेणं हे विषय वर आले. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ चाचणीचे निकाल आले. १७६३ जोडपी, ज्यांत एकाला संसर्ग होता आणि दुसऱ्याला नव्हता. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. त्या चाचणीच्या केंद्रांमध्ये पुणेही होतं. तेव्हापासून ‘उपचार हाच प्रतिबंध’ हा वाक्प्रचार निबंधांतून सगळीकडे दिसू लागतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि २०१७ मध्ये भारताने, सीडी-४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, निदान होताच उपचार हे धोरण घेतलं. २०२४ मध्ये वर्षातून दोनदा टोचायच्या लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाच्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. वय वाढलेल्या रुग्णांचे मधुमेह, हृदयविकार, मनोविकार हेही आता या साहित्यात दिसतात, कारण माणसं म्हातारी होईपर्यंत जगू लागली आहेत. यापेक्षा सुंदर कल मी तरी कुठल्या आलेखात पाहिलेला नाही.

आपल्या जिल्ह्याच्या आलेखावर एक तारीख हवीच: २००३. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम तेव्हा सहा राज्यांत सुरू झाला, कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही त्यात होते. त्याच्या पाहण्या कर्नाटकातल्या ज्या जिल्ह्यांत झाल्या त्यांत बेळगाव होतं. एखाद्या जिल्ह्यावर किती लिहिलं जातं हे तिथे आजार किती आहे एवढ्यावरच ठरत नाही, पैसा आणि कार्यक्रम कुठे होता यावरही ठरतं. निबंध कमी झाले म्हणजे आजार कमी झाला, असा निष्कर्ष कधीही काढू नका.

उल्लेख मोजणं

एका निबंधाचा दुसऱ्याने संदर्भयादीत निर्देश केला की तो एक उल्लेख, म्हणजे सायटेशन. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, तिथून हे मोजणं रुळलं.

इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे, निबंधाचा नाही. समजा, एका जर्नलने २०२३ आणि २०२४ मिळून ४०० लेख छापले, आणि २०२५ मध्ये त्या लेखांचे १२०० उल्लेख झाले. १२०० भागिले ४०० म्हणजे ३. एवढंच गणित. पण ही सरासरी आहे. चिकोडीकडच्या एखाद्या गावात नऊ घरांकडे एकेक एकर ऊस आणि एका घराकडे एक्याण्णव एकर असला, तर सरासरी दहा एकर निघते. गावात दहा एकरवाला मात्र एकही नाही. जर्नलमध्येही बहुधा असंच असतं: दोन-चार निबंध धो धो उल्लेख खेचतात आणि बाकीचे त्या आकड्याच्या सावलीत बसतात. म्हणून ‘याचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा, म्हणून हा निबंध चांगला’ हे वाक्य तुमच्या प्रबंधात नको. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेला ‘डोरा’ जाहीरनामाही हेच सांगतो.

एच-इंडेक्स हा व्यक्तीचा आकडा, हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला. एखाद्या डॉक्टरांचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख १८, ९, ५, ४, १ असे आहेत. किमान चार उल्लेख असलेले निबंध चार भरतात, म्हणून एच-इंडेक्स ४. यात वय मोजलं जातं. तरुण संशोधक यात नेहमीच मागे दिसणार, त्याने खचू नका.

निबंधाला निबंध म्हणून जोखायचं असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेचं ‘आयसाइट’ हे मोफत साधन वापरा. तिथे प्रत्येक निबंधाला त्याच्याच विषयातल्या आणि त्याच वेळच्या निबंधांशी ताडून आकडा मिळतो. आकडा १ आला तर एनआयएचच्या निधीतून झालेल्या निबंधांमधल्या मधल्या निबंधाइतका. समाजशास्त्रीय निबंध आणि औषधचाचणी यांची सरळ तुलना करणं अन्यायाचं आहे, कारण चाचणीच्या निबंधांना मुळातच उल्लेख जास्त पडतात. या साधनाने तो अन्याय बराच कमी होतो.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या उल्लेख मोजणाऱ्या सूचींचे आकडे एकाच तक्त्यात कधी मिसळू नका. स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं सगळं धरतो, म्हणून त्याचा आकडा बहुधा मोठा येतो. बाकीचे दोन विकतचे आहेत. सरकारी संस्थेत असाल तर १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे हजारो जर्नलं मोफत वाचता येतात, ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या, लाजू नका.

आकडा काय सांगत नाही

दोन गोष्टी सांगते.

१९८७ मध्ये अमेरिकेतले विषाणूतज्ज्ञ पीटर ड्युसबर्ग यांनी ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. त्या लेखाचे उल्लेख भरपूर झाले, त्यांतले बरेच तो खोडून काढण्यासाठी. पुढे तोच विचार दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने धरला आणि औषधं लांबली. त्यापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज २००८ मध्ये ‘जेएड्स’ या जर्नलमध्ये छापून आला. उल्लेख म्हणजे शाबासकी नव्हे.

दुसरी गोष्ट याच्या उलट. उपचाराने विषाणू दबलेल्या व्यक्तीपासून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये जाहीर केलं. ते कुठल्याही बड्या इंग्रजी जर्नलमध्ये आलं नाही. त्यांच्याच देशातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात, फ्रेंच आणि जर्मन भाषेत आलं. जगभर टीका झाली. मग २०१६ आणि २०१९ मध्ये जोडप्यांवरच्या ‘पार्टनर’ अभ्यासाचे निकाल आले आणि जोडीदाराकडून झालेल्या संसर्गांची संख्या दोन्ही वेळा शून्य निघाली. ज्या वाक्यामुळे आज आपल्या एआरटी केंद्रातलं नवरा-बायकोचं जोडपं निर्धास्त होऊन घरी जातं, ते वाक्य आधी स्थानिक भाषेतल्या स्थानिक नियतकालिकात छापलं गेलं होतं. मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेवकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

लेखकांची ओळ वाचा

शीर्षकाखालची बारीक अक्षरं बहुतेक जण सोडून देतात. तुम्ही सोडू नका. पहिला लेखक म्हणजे सर्वाधिक काम केलेला, शेवटचा म्हणजे गटप्रमुख, असा वैद्यकातला संकेत आहे. आपल्या भागावरचे गाजलेले निबंध घ्या: बागलकोट जिल्ह्यात घरोघरच्या लोकांची तपासणी करून ही साथ खेड्यांतही आहे आणि गावागणिक वेगळी आहे, हे दाखवणारा २००७ चा ‘एड्स’ जर्नलमधला निबंध, किंवा ग्रामीण भागातल्या परंपरागत देहविक्रयावरचा २००४ चा, ज्याच्या इंग्रजी शीर्षकातच ‘धंदा’ आणि ‘धर्म’ हे आपले दोन शब्द आहेत. दोन्हींवर कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठाची माणसं ठळक दिसतात. काम मोलाचं आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण माहिती इथल्या बायकांनी दिली, रात्री-अपरात्री मुलाखती घ्यायला कोणीतरी इथलंच गेलं, आणि जगात दाखला दिला जातो तो दूरच्या विद्यापीठाचा, हे मला खुपतं. तुमच्या यादीत एक रकाना वाढवा: पहिला लेखक कुठला, शेवटचा कुठला, सीमाभागातला कोणी आहे का. असा तक्ता हाच एक छापण्याजोगा निबंध होऊ शकतो.

चित्र काढण्याची साधनं

संदर्भ साठवायला झोटेरो, मोफत. शब्दांचे आणि लेखकांचे जाळीसारखे नकाशे काढायला लायडन विद्यापीठाचं व्हॉसव्ह्यूअर, तेही मोफत. आर ही संगणकभाषा येत असेल तर बिब्लिओमेट्रिक्स. पबमेडमधून उतरवलेल्या फाइलवर शब्दांचा नकाशा निघतो, उल्लेखांचा निघत नाही. त्यासाठी स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा मोफत असलेलं ओपनअ‍ॅलेक्स लागतं. नकाशा काढण्याआधी एकाच अर्थाचे शब्द आणि एकाच माणसाची वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र करा. पाटील आणि कुलकर्णी आडनावांनी आपल्याकडे भले भले नकाशे बिघडवले आहेत: दोन वेगळ्या पाटलांना संगणक एकच धरतो. स्वतःसाठी आजच ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

पाठवण्याआधी

विषयाला वाहिलेली जर्नलं ओळखून ठेवा: १९८७ पासूनचं ‘एड्स’, ‘जेएड्स’, ‘एचआयव्ही मेडिसिन’, ‘एड्स अँड बिहेवियर’, ‘लॅन्सेट एचआयव्ही’, मोफत वाचता येणारं इंटरनॅशनल एड्स सोसायटीचं जर्नल, आणि आपल्याकडचं गुप्तरोग व एड्सवरचं भारतीय जर्नल. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने छोटं पत्र किंवा संक्षिप्त अहवाल पाठवावा.

एका विद्यार्थिनीला मेल आला होता: आठ दिवसांत छापतो, रक्कम आधी भरा. तिने वडिलांकडून पैसे मागून भरले. निबंध छापला गेला, पण ते जर्नल कुठल्याच सूचीत नव्हतं आणि तो निबंध दुसरीकडे देण्याची वाटही बंद झाली. म्हणून मेलवर विसंबू नका. जर्नल पबमेडमध्ये किंवा डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीमध्ये स्वतः शोधा, संपादक मंडळातली दोन नावं पडताळा, शुल्क किती आणि कधी हे लेखी विचारा. आठ दिवसांत खरी तज्ज्ञतपासणी होणं जवळपास अशक्य असतं.

केंद्रातल्या नोंदी वापरणार असाल तर नीतिसमितीची आणि एड्स नियंत्रण संस्थेची परवानगी आधी घ्या. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे. नाव गाळलं म्हणजे झालं, असं समजू नका. ‘अथणी तालुका, ३४ वर्षांची विधवा, अंगणवाडी सेविका’ एवढ्यावरून गाव तिला ओळखतं. वय दहा-दहा वर्षांच्या गटात द्या, तालुक्याऐवजी जिल्हा लिहा, व्यवसायाची गरज नसेल तर तो गाळा.

पत्त्याच्या ओळीत गावाचं आजचं अधिकृत स्पेलिंग लिहा आणि सारांशात एकदा जुनंही घाला, म्हणजे दोन्हींकडून शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल. निबंध छापून आला की त्याचं एक पान मराठीत आणि एक कन्नडमध्ये करून ज्या केंद्रातून माहिती घेतली तिथे द्या. कन्नड पान छापण्याआधी केंद्रातल्या समुपदेशकाकडून वाचून घ्या. रोज त्या शब्दांत माणसांशी बोलणारं दुसरं कोणी नसतं.